डावीकडचा जिना

१

हिरो पडला तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या.

गावाची त्यात काही चूक नव्हती. ज्या माणसाने तरुणपणी पडद्यावर घोड्यावरून, गच्चीवरून आणि चालत्या मोटारीतून पडून दाखवलं, आणि दर वेळी कपडे झटकत हसत उठला, तो सत्तरी उलटल्यावर लॉजच्या बाल्कनीतून खाली आला, तर लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटणार. टाळ्या थांबल्या त्या हिरोच्या किंकाळीने. असली किंकाळी त्याच्या एकाही सिनेमात नव्हती.

बाल्कनीच्या डाव्या टोकाखाली लॉजच्या गाद्या दिवसा उन्हात टाकलेल्या, त्या तशाच राहिल्या होत्या म्हणून जीव वाचला. पाय मात्र गाद्यांच्या बाहेर फरशीवर आपटला आणि मांडीचं हाड मोडलं. चौकातली सगळी माणसं धावली. निवृत्त फौजदारही पोट सावरत धावला. खुर्ची सोडली नाही ती एकट्या त्याच्या बायकोने. तिचे गुडघे धरलेत हे गावाला माहीत होतं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

फौजदाराने गर्दी मागे सारली आणि हिरोचं डोकं उचलून धरलं. हिरोने डोळे उघडले, बाल्कनीकडे बोट केलं आणि संवाद म्हणावा तसं स्वच्छ म्हणाला, "ढकललं मला. मागून. त्या पोरीने."

ती पोरगी बाल्कनीच्या दारात तोंडावर हात ठेवून उभी होती. गाव तिला व्हिडिओवाली म्हणायचं. फौजदाराच्याच घरी वरच्या खोलीत ती भाड्याने राहत होती, त्याला काका आणि बायकोला काकू म्हणत होती. बाल्कनीमागच्या काळोख्या खोलीत त्या वेळी तिच्याखेरीज दुसरं कुणीही नव्हतं.

गावातला नवा इन्स्पेक्टर तरुण होता आणि त्याला कामं झटपट उरकायची आवड होती. चौकात तीन पायांवर व्हिडिओवालीचाच कॅमेरा उभा होता, बाल्कनीकडे तोंड करून. "म्हणजे सगळं यात आलंच असणार," तो म्हणाला, "वादच मिटला." त्याने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं.

आत कार्ड नव्हतं.

२

त्या गावात चाळीस वर्षांपूर्वी एका सिनेमाचं शूटिंग झालं आणि गावाचं डोकं फिरलं. सिनेमा गाजला, लोक जागा बघायला येऊ लागले आणि गाव हळूहळू त्या सिनेमासारखं वागायला लागलं. न्हाव्याने 'हिरोची दाढी इथेच' अशी पाटी लावली. हिरोची दाढी हिरोच्या माणसाने केली होती आणि न्हाव्याचं दुकान नंतर निघालं होतं, पण पाटीला कुणी हरकत घेतली नाही. पुलाजवळच्या बाकावर हिरॉइन रडली होती, म्हणून त्या बाकावर गावातल्या कुणी बसायचं नाही असं ठरलं. म्हातारी माणसं बाकाशेजारी उभी राहून धापा टाकायची.

व्हिडिओवाली अशाच गावांमागे फिरायची. जिथे सिनेमाचा कॅमेरा उभा होता नेमका तिथेच आपला कॅमेरा ठेवायची आणि तिथे आज जे घडेल ते टिपायची. मग दोन पडदे शेजारी लावायचे. एकावर हिरॉइन पुलावर टाहो फोडतेय, दुसऱ्यावर त्याच पुलावर एक माणूस सायकलला कांद्यांचं पोतं बांधतोय आणि दोरी पुरत नाही. बघणारे आधी हसायचे, मग गप्प व्हायचे.

इथल्या प्रदर्शनासाठी तिने लॉजची वरची खोली काळं कापड लावून मिट्ट काळोखी केली होती. पाहुण्याने एकेकट्याने पडद्यांमधून चालत जायचं आणि दुसऱ्या टोकाचं दार ढकलून बाल्कनीत यायचं. बाहेर येताच समोरून शूटिंगचा भला मोठा दिवा डोळ्यांवर पडायचा. मग बाल्कनीचा जिना उतरून चौकात. येणारा माणूस त्या जागेत कसा वावरतो हे खालचा कॅमेरा टिपणार, आणि तेच तिच्या तिसऱ्या पडद्यावर लागणार होतं.

पहिला मान सिनेमाच्या म्हाताऱ्या डायरेक्टरचा. तो बाहेर आला, दिव्यापुढे डोळे मिचकावले, उजवीकडे वळून जिना उतरला आणि खुर्चीत जाऊन बसला. दुसरा मान हिरोचा. पुढचं गावाने पाहिलंच होतं.

त्या बाल्कनीची आणखी एक गोष्ट होती. ती गाव पाहुण्यांना सांगत नसे. सिनेमात हिरॉइन त्या जिन्यावरून पाठमोरी धावत उतरते, तो सिनेमातला सगळ्यात गाजलेला तुकडा. पण ती हिरॉइन नव्हेच. हिरॉइनला उंचीची भीती वाटायची, म्हणून तिचे कपडे चढवून गावातल्या एका मुलीला धावायला लावलं होतं. ती फौजदाराच्या बायकोची धाकटी बहीण. शूटिंगच्या शेवटच्या संध्याकाळी, सगळी मंडळी सामान आवरून गेल्यावर, धाकटी त्याच बाल्कनीखाली मरून पडलेली सापडली. हौसेने पुन्हा वर गेली असेल, पाय घसरला असेल, असं ठरलं. हिरो तेव्हा विश्रामगृहावर होता असं त्याने स्वतः सांगितलं आणि डायरेक्टरने त्याला दुजोरा दिला. फौजदार या गावात बदलून आला तो त्यानंतर. धाकटीला त्याने पाहिलं ते पडद्यावर, पाठमोरी. बायकोने ही हकीकत त्याला लग्नाच्या वर्षी एकदाच सांगितली होती, पोलक्याला हातशिलाई करता करता, मान वर न करता.

आता स्वयंपाकघरात व्हिडिओवाली चहाच्या कपाभोवती हात धरून बसली होती आणि चहावर साय धरली होती. सकाळी हिरो दवाखान्यात जबाब देणार होता. त्यावर सही झाली की तिला अटक आणि प्रदर्शनाला कुलूप, असं इन्स्पेक्टर सांगून गेला होता.

फौजदार म्हणाला, आपण आत्ताच जाऊन हिरोला भेटतो. दिवा डोळ्यांवर होता, गोंधळ झाला असेल, माणसाला विचार करायला सांगितलं तर शब्द मागे घेईल.

"काही नको," बायको म्हणाली. "देऊ दे त्याला जबाब. नीट, सगळा. सही करू दे."

"अगं, सही झाली की माणूस मागे फिरत नाही."

"तेच म्हणतेय मी."

फौजदाराला ते चमत्कारिक वाटलं, पण तेवढ्यात व्हिडिओवाली बोलली. "काका, मी त्यांच्या मागे नव्हतेच. प्रोजेक्टरपाशी होते. पण दारातून मला ते दिसले. ते अडखळले नाहीत. कुठेतरी घाईने निघाल्यासारखे गेले."

"कुठे?"

"तेच कळत नाहीये. तिकडे तर काहीच नव्हतं."

३

सकाळी फौजदार बाल्कनीत गेला. इन्स्पेक्टरच्या माणसाने त्याला जुन्या ओळखीने वर सोडलं.

दार मधोमध. उजव्या टोकाला जिना. समोर आणि डाव्या टोकाला कठडा, आणि कार्यक्रमासाठी सगळ्या कठड्यावर राखाडी कापडाची झालर. फौजदाराने समोरचा कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो त्याच्यासारख्या दोघांना पुरून उरला असता. मग त्याने दारात उभं राहून मनात हिरोला ढकलून पाहिलं. मागून धक्का बसला तर माणूस समोर जाईल, समोरच्या कठड्यावर आदळेल, फार तर ओठ फुटेल. हिरो पडला होता डाव्या टोकाहून. म्हणजे आधी तो वळला आणि स्वतःच्या पायांनी तिथवर गेला.

डाव्या टोकाला फौजदाराने कापडामागे हात घातला आणि तो तसाच हवेत गेला. मागे कठडा नव्हताच. खांबापासून भिंतीपर्यंत नुसतं कापड ताणून बांधलेलं. वरच्या तुळईवर दोरखंड घासल्याचा ताजा पांढरा वळ होता.

लॉजमालकाने आधी देवाची, मग आईची, मग धंद्याची शपथ घेतली की कठडा होता. फौजदार नुसता लॉजच्या धुण्याच्या खोलीकडे चालू लागला, तसा लॉजमालक पुढे आडवा आला आणि त्याची जीभ सैल झाली. प्रोजेक्टरच्या पेट्या आतल्या अरुंद जिन्याने येईनात. म्हणून डावा कठडा काढून त्या दोराने वर ओढल्या. कठडा चादरींखाली पडलाय. उद्या लावू, उद्या लावू म्हणता म्हणता कार्यक्रम आला, आणि वरून कापड आलं तेव्हा तोही विसरला.

"साहेब, माझं नाव नका घेऊ. माझ्या बापाने या बाल्कनीपायी आयुष्य घालवलंय."

ते खरं होतं. लोक सिनेमातला फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, ही ती बाल्कनी नव्हेच, फोटोत जिना दुसऱ्या बाजूला आहे. एका नवपरिणीत जोडप्याने तर फसवणूक म्हणून आरडाओरडा केला. शेवटी वैतागून बापाने सुतार बोलावला, खरा जिना तोडला आणि सिनेमात होता त्या बाजूला नवा बांधला. तेव्हापासून सगळे खूश.

"म्हणजे जिना आधी डावीकडे होता?"

"होता म्हणतात. मी लहान होतो. मला हाच आठवतो."

फौजदार परत वर गेला आणि गुडघे टेकून कापड बघत बसला. ते कापड त्याच्या बायकोने शिवलं होतं. गावात तिचं शिवणाचं दुकान होतं आणि तिने शिवलेली पिशवी एक वेळ झिजून फाटायची, पण शिवण उसवत नसे. सगळ्या झालरीला तिची मशीनची दुहेरी शिवण होती. फक्त डाव्या टोकाला, जिथे कठडा नव्हता, तिथे कापडाचे दोन तुकडे हाताच्या लांब लांब कच्च्या टाक्यांनी जोडलेले होते. कापड कुठेच फाटलं नव्हतं. हाताचा भार पडताच ते पडद्यासारखं उघडून पुन्हा मिटलं होतं. धागा अख्खा लोंबत होता आणि त्याच्या टोकाला गाठ मारलेली नव्हती. पोलिसांनी फाटलेलं कापड शोधलं, ते सापडलं नाही, म्हणून त्यांनी पुढे पाहिलंच नाही.

वेळ पुरला नसेल तिला, फौजदार स्वतःशी म्हणाला. गुडघे दुखत असतील. त्याने धागा ओढून खिशात टाकला.

खाली येऊन त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, गाद्या तिथे टाकायचं कुणी सुचवलं.

"त्यांचे तर उपकार मानायला हवेत," लॉजमालक म्हणाला. "कापड लावायला आल्या तेव्हा म्हणाल्या, गाद्यांना ढेकूण झालेत, उन्हात टाका. संध्याकाळी उचलायला गेलो तर म्हणाल्या, असू द्या, वरून कापडाआड दिसत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? आपल्या वहिनी."

४

फौजदाराने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांचे जबाब घेतले होते. आता त्याला बसायला जागा हवी होती. ती त्याने डायरेक्टरच्या समोर निवडली, कारण डायरेक्टरला बोलायला लागायचं आणि फौजदाराला गप्प बसायचं होतं.

डायरेक्टर लॉजच्या व्हरांड्यात जाड चष्मा पुसत बसला होता. फौजदाराला एकच गोष्ट कळत नव्हती. सापळा होता हे उघड होतं, पण तो हिरोसाठी होता कशावरून? त्याच दारातून, त्याच दिव्यापुढे आधी डायरेक्टर आला होता. तो का नाही पडला?

"तुम्ही काल उजवीकडे वळलात," तो म्हणाला. "का?"

"का म्हणजे? जिना उजवीकडे आहे. मी तो सिनेमा स्वतःच्या लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त वेळा पाहिलाय."

"खरा जिना डावीकडे होता म्हणे."

डायरेक्टर खुदकन हसला आणि पुढे वाकला. ते त्याचं लाडकं गुपित असावं. त्याने सांगितलं, शेवटच्या दिवशी सकाळी डावीकडे जिना उभा केला, पोरगी त्यावरून धावली आणि पुढच्या शॉटमध्ये हिरॉइन गल्लीत शिरते ती नेमकी उलट्या दिशेने. दोन्ही जोडले की वाटे ती घरी परत चाललीय. शूटिंग तर संपलेलं, म्हणून त्याने जिन्याचा तुकडा उलटा छापला, आरशात दिसावा तसा. डावं उजवं झालं. बाल्कनीतले हिरोचे शॉट नंतर स्टुडिओत घेतले आणि तिथे बाल्कनी बांधली तीही उलटीच, सिनेमाशी जुळणारी.

"कुणाच्याही लक्षात आलं नाही," तो म्हणाला. "फक्त एक बाई सिनेमा लागल्यावर माझ्या गाडीपुढे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, मी ठिगळ उजव्या बाहीला लावलं होतं, सिनेमात डाव्या बाहीला कसं? मी म्हटलं, बाई, सिनेमा आहे."

फौजदाराला ती बाई कोण हे विचारावं लागलं नाही.

"म्हणजे हिरोला ठाऊक असलेली बाल्कनी स्टुडिओतली. जिना उजवीकडे."

"अर्थात. इथे वर तो कधी गेलाच नाही. तो खाली छत्रीत बसायचा. मी तसं शपथेवर सांगितलंय."

"त्या संध्याकाळी तो विश्रामगृहावर होता, हेही शपथेवर सांगितलंत. तुम्ही पाहिला होतात?"

डायरेक्टरने पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. चहा घेऊन आलेला माणूस कप ठेवून गेला तरी तो पुसतच होता.

"त्यानेच सांगितलं होतं," तो अखेर म्हणाला. "मी विश्वास ठेवला."

आणि तिथे, त्या व्हरांड्यात, फौजदाराला आपल्या बायकोचा सापळा उलगडला. सिनेमा पाहिलेला प्रत्येक माणूस उजवीकडे वळणार होता. आजच्या गावातला माणूस उजवीकडे वळणार होता. स्टुडिओत काम केलेला नटही उजवीकडेच. डोळे दिपलेले असताना डावीकडे जाईल तो एकच माणूस, जो जिना पाडण्याआधी त्या खऱ्या बाल्कनीतून कधीतरी पळत उतरला होता आणि पुन्हा इथे फिरकला नव्हता.

तो लॉजच्या फोनकडे गेला आणि त्याने दवाखान्यात इन्स्पेक्टरला गाठलं. "जबाबात एक प्रश्न वाढवा," तो म्हणाला. "आयुष्यात याआधी त्या बाल्कनीत कधी पाऊल टाकलं होतं का, एवढंच विचारा. मग सही घ्या."

५

घरी बायको इस्त्री करत होती. व्हिडिओवाली वर सामान बांधत होती, कारण पोलीस आले की शोधाशोध नको, असं तिचं म्हणणं.

"सही झाली?" बायकोने विचारलं.

"झाली. वर कधीच गेलो नव्हतो, असंही लिहून दिलंय."

तिने इस्त्री उभी केली. एवढ्या वर्षांत फौजदाराने तिला रडताना दोन-तीनदाच पाहिलं होतं, आणि आत्ताही ती रडली नाही. फळीवरचा बटणांचा डबा तिने उतरवला आणि त्याच्यापुढे सरकवला. त्याने झाकण काढलं, बटणांत बोटं घातली. रंगीत, पांढऱ्या, मोडक्या बटणांखाली कॅमेऱ्याचं कार्ड होतं.

सगळं गाव हिरोकडे धावलं होतं तेव्हा खुर्चीवर बसून राहिलेल्या बाईच्या हाताशी काय होतं, हे आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. कॅमेरा.

"पोरीचा जीव टांगणीला लागलाय वर," तो म्हणाला.

"म्हणूनच म्हणते, लवकर निघा."

६

दवाखान्याच्या खोलीत हिरोचा पाय दोरीने वर टांगलेला होता आणि चेहरा मात्र पोस्टरवर असायचा तसाच होता. इन्स्पेक्टर होता, डायरेक्टर होता. व्हिडिओवालीला पाहून हिरोने तोंड फिरवलं.

फौजदार म्हणाला, कार्ड मिळालं. कुठे, ते इन्स्पेक्टरने विचारलं, तेव्हा गर्दीत पडलं होतं, असं त्याने सांगितलं. आयुष्यात बोललेल्या खोट्यांपैकी हे त्याला सगळ्यात सोपं गेलं.

व्हिडिओवालीने लॅपटॉप पलंगापुढच्या टेबलावर ठेवला. दार उघडलं. हिरो बाहेर आला, दिव्यात पांढराफटक. त्याच्या मागे दारात काळोख आणि रिकामी जागा. तो क्षणभर उभा राहिला, मग डावीकडे वळला. पुढे टाकलेला डावा हात कमरेच्या उंचीवर आला आणि बोटं वळली, कठड्याची मूठ धरावी तशी. पाऊल खालच्या पायरीसाठी उतरलं. कापड उघडलं आणि पडदा रिकामा झाला.

"मागे कुणी नाही," इन्स्पेक्टर म्हणाला.

"पुन्हा लाव," फौजदार म्हणाला. "आता हात बघा. दिसत नाही तेव्हा माणूस चाचपडतो. हे चाचपडत नाहीत. यांचा हात कठड्यावर जातो, पाय पायरीवर जातो. फक्त तिथे कठडाही नाही आणि पायरीही नाही. सिनेमात जिना उजवीकडे, स्टुडिओत उजवीकडे, गावात आज उजवीकडे. मग यांच्या पायांना डावीकडचा जिना कुणी दाखवला?"

हिरो म्हणाला, हा मूर्खपणा आहे. म्हणाला, दिवा डोळ्यांवर होता. म्हणाला, शूटिंगच्या वेळी आपण तो जिना खालून दिवसभर पाहिला होता.

"पाहिलेला जिना आठवतो," फौजदार म्हणाला. "पण न बघता त्याची पहिली पायरी किती खोल आहे हे पायाला कळायला तो उतरलेला असावा लागतो. शेवटी तुमचं वय झालंय, असंच म्हणू या. नसलेल्या जिन्यावरून माणूस उतरायला गेला, एवढंच लिहू. भ्रम झाला."

त्याने हे मुद्दाम कीव केल्यासारखं म्हटलं. आणि आयुष्यभर टाळ्या खाल्लेल्या माणसाला कीव पचली नाही.

"भ्रम कसला?" हिरो उसळला. "जिना तिथंच होता. मी स्वतः उतरलोय त्या—"

पडद्यावर चित्रफीत पुन्हा सुरू झाली होती. दार उघडलं, म्हातारा बाहेर आला.

सगळ्यात आधी डायरेक्टर उठला. "कधी उतरलास?" त्याने विचारलं. "जिना तर शेवटच्या दिवशी सकाळी उभा केला होता. दिवसभर मी त्याच्यासमोर होतो. तू कधी उतरलास?"

हिरोने व्हिडिओवालीकडे पाहिलं, मग इन्स्पेक्टरकडे, मग टांगलेल्या पायाकडे. इन्स्पेक्टरने सकाळचा सही केलेला जबाब शांतपणे मांडीवर उलगडला.

"मी फक्त हात धरला होता तिचा," हिरो म्हणाला. "तिने हिसडा दिला. मी ढकललं नाही. मी पळालो, एवढंच. मी ढकललं नाही."

"काल तर म्हणत होतात, ढकललं," इन्स्पेक्टर म्हणाला आणि नवा कागद मागवला.

७

कापडाबद्दल इन्स्पेक्टरने विचारलं होतं. फौजदाराने सांगितलं, लॉजमालकाने कठडा लावला नाही आणि शिवणारीला कुणी सांगितलं नाही. लॉजमालकाने हे आनंदाने कबूल केलं, कारण वहिनींच्या गाद्यांमुळे हिरो जगला आणि त्याच्यावरचा मोठा गुन्हा टळला होता.

घरी येऊन फौजदाराने खिशातला धागा बायकोच्या मशीनवर ठेवला.

"गाठ मारायची राहिली होती," तो म्हणाला.

तिने धागा उचलला, बोटाला गुंडाळला. "हात धरला म्हणाला?"

"हो."

"मला वाटलंच होतं, हातच धरला असेल." तिने धागा सोडवून पुन्हा गुंडाळला. "मला नक्की माहीत नव्हतं हो, कोण ते. दोघांपैकी एक, एवढंच. डायरेक्टर उजवीकडे वळला तेव्हा म्हटलं, आपण उगाच हयातभर या माणसांना शिव्या घातल्या की काय. मग दार दुसऱ्यांदा उघडलं."

"मेला असता तो."

"म्हणून तर गाद्या टाकायला लावल्या. मेला असता तर सुटला असता." तिने धागा डब्यात टाकला आणि झाकण लावलं. "आणि पोरीचं म्हणाल, तर तिची एका रात्रीची झोप गेली. मी तिला सांगितलंय सगळं. रागावली. मग म्हणाली, काकू, तो सिनेमाचा तुकडा मला जरा सरळ करून बघायचाय."

प्रदर्शनाचं कुलूप निघालं तेव्हा रांग चौकाच्या बाहेर गेली होती. व्हिडिओवालीने आता दोनच पडदे ठेवले होते, एकमेकांना अगदी चिकटवून. उजव्या पडद्यावर सिनेमातला तो गाजलेला तुकडा, पण सुलटा, जसा घडला तसा. पाठमोरी मुलगी बाल्कनीतून डावीकडच्या जिन्याकडे धावते, उजव्या बाहीला ठिगळ, आणि उतरून दिसेनाशी होते. डाव्या पडद्यावर दार उघडतं, एक म्हातारा दिव्यात येतो आणि तिच्याच दिशेने वळतो, हात पुढे करून. तो तिच्या मागे निघालाय हे लहान मुलालाही कळलं असतं. ती दर वेळी सुखरूप खाली पोहोचते. तो दर वेळी पडतो. आणि पुन्हा दार उघडतं.

हिरोवर खटला उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षं चालेल असं वकील म्हणतात. फौजदाराच्या बायकोला घाई नाही. ती दुपारची हातशिलाई घेऊन लॉजच्या काळोख्या खोलीत जाऊन बसते, काळोखातही टाका चुकत नाही, आणि पडद्यावर हिरो पडला की दोऱ्याला गाठ मारते.

फौजदार तिला आणायला जातो. तिचा हात धरून जिन्यापाशी येतो आणि उतरण्याआधी, तिचं लक्ष नाही असं बघून, कठडा एकदा हलवून पाहतो.